पुढल्या शनिवारपर्यंत

शनिवारी साडेनऊला नवा भाग उतरतो.
उद्यमनगरातली पाळी संपवून
हुपरीची शेवटची एस्टी गाठून
मी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवतो.

समोर आई, पैंजणाला घुंगरू जोडत.
जपानी तिला कळत नाही, खालच्या ओळी फार पळतात,
तरी चिमट्यात घुंगरू धरून विचारते,
"पांढऱ्या केसाचा आज गप का रं?"

अकरावा भाग. पूल तुटला.
पोरगी एका हातानं दोराला,
खाली नदी, जिला तळच काढलेला नाही.
आणि तिथंच गाणं सुरू,
नावं वर सरकायला लागली.

मी ओरडलो. भालदारांच्या जमीरचा मेसेज: नाद खुळा!
आई म्हणाली,
"आठ दिस तिला तसंच लोंबकळत ठेवणार व्हय?
माणसं हैत का कोण!"

सोमवारी लाइट गेली.
मंगळवारी चांदी चढली, शेटनं
जोडकाम निम्म्यावर आणलं.
बुधवारी रात्री भाकरी वाढता वाढता
तिनं उजवं मनगट डाव्या मुठीत दाबलं
आणि सहज बोलल्यागत म्हणाली,
"हात अवघडला असंल तिचा."