खर्जाची तार

निम्म्या भावात आली, तिथंच कळायला हवं होतं.
पाकिटावर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त;
ते दिसलं, पहिली तार गालाला चाटून तुटली तेव्हा.
आणि ती पाच-पाच चांदण्यांची तारीफ,
सगळी एकाच मंगळवारी लिहिलेली.

मोहननगरात डेन्झिलकाकांनी
उरलेल्या चिमटीतून ओढून पाहिल्या.
"काऊन बे, कुंपण घालतो काय?"
मग कपाटातला संच दिला,
पैसे मोजून घेतले, एक रुपया न सोडता.

नकली खर्जानं
मी कूलरची वाळ्याची ताटी बांधली आहे.
पंचेचाळीस डिग्रीत, भर दुपारी,
पंखा फिरला की ती घुमते,
काकांनी लावून दिलेल्या सुरापेक्षा
जराशीच खाली.