दोनशे वीस मीटर

खैरी फाट्यावरचा 'शीतल बीअर बार'
आखाडात उघडला, चैतात मिटला.
दोनशे एकसष्ट दिवस.
आकडा पाठ आहे, कारण ग्लास मी धुवायचो
आणि रोज एक खडूची रेघ
मोरीमागच्या भिंतीवर ओढायचो.

प्रल्हाद नेवाऱ्यानं तळ्याचा ठेका सोडून
दारव्ह्याहून फ्रीज आणला, हप्त्यावर.
सरपंचानं नारळ फोडला,
पाणी उडालं थेट प्लगात.
पहिली बाटली कोमटच निघाली.
"हा तं चहा आहे बे," इंगोले कंपाउंडर म्हणाला
आणि दुसरी मागवली.

संक्रांतीनंतर कागद आला :
हायवेपासून दोनशे वीस मीटर.
मडावी साहेबांनी टेप लावला. एकशे नव्वद.
दुसरं टोक माझ्याच हातात होतं,
जमेल तितकं ताणून धरलं होतं,
तरीही.

प्रल्हाद रात्रभर उंबऱ्यात बसला.
सकाळी म्हणाला, "घर सरकत नाई, वाट तं सरकते."
बांबू रोवले, तुराट्या बांधल्या
पुरुषभर उंच.
डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं,
उकिरड्याला वळसा, मग दार.
दोनशे तेवीस भरलं.
साहेब हसले नाहीत. सही केली.

आत जायला चार मिनिटं लागायची,
बाहेर यायला अख्खी रात्र.
इंगोले एकाच वळणावर
एकाच माणसाला तीनदा रामराम घालायचा.
श्रावण पेंदोरची बायको कुडाबाहेरून ओरडायची,
"उजवीकडं वय, मुडद्या, उजवीकडं!"
पोरं रुपया घेऊन माणसं बाहेर काढायची.
माझ्या बहिणीनं एका रात्रीत अकरा काढली.

मोर्चा निघाला नाही. ठराव झाला नाही.
होळीला पोरांनी पहिलं वळण चोरलं.
मग प्रल्हादच्याच वच्छलानं
चुलीपुरत्या चार तुराट्या ओढल्या.
मग शेजारणीनं. मग तिच्या जावेनं.
पावसाळ्याची बेगमी कोणाला नको असते?
महिनाभर गावात भाकरी छान फुगल्या,
आणि एका सकाळी मी पाहिलं,
रस्त्यावरून बार सरळ दिसत होता.

साहेबांनी टेप काढलाच नाही.
नुसतं पाहिलं, सील लावलं.

फ्रीज आता गुरांच्या दवाखान्यात आहे, लशीसाठी.
प्रल्हाद पुन्हा तळ्यावर.
विचारलं तर जाळं झटकत म्हणतो,
"जागा नाई चुकली गा. वाट जळाली."

आणि इंगोले अजून त्या मोकळ्या वावरातून
घरी जाताना
मधेच थांबतो,
डावीकडं वळतो,
दहा पावलं चालतो,
मग उजवीकडं.