तर्जनी

तुमच्याकडे याला रुद्राक्ष म्हणतात
असं मालाच्या गाडीबरोबर आलेला माणूस सांगतो.
आम्ही केबुमेनचे लोक गेनित्री म्हणतो.
झाडावर असतं तेव्हा निळंशार,
आत आठळी.
ती आठळी तुला हवी असते.

माझा नवरा वार्सितो
फांदीची साल बांगडीसारखी गोल खरवडून काढतो.
रस अडतो, फळ उपाशी वाढतं,
बी बारीक राहतं.
बारीक बीला भाव जास्त.
तुमच्यातही उपाशी राहणाऱ्याला मान असतो म्हणे.

गर कुजेपर्यंत पिंपात, मग तारेचा ब्रश,
मग चाळण्या : आठची, सातची, सहाची.
पाच मिलिमीटरच्या भोकातून जे पडलं
त्यावर यंदा घराचे पत्रे बदलले.

पहाटेच्या नमाजानंतर मी ओवायला बसते.
एकशे आठ झाले की थांबायचं, एवढंच ठाऊक होतं.
पण तो म्हणाला, आणखी एक घाला, वेगळा, गाठीवर.
तो मोजायचा नाही. ओलांडायचाही नाही.
तिथवर गेलं की माळ फिरवायची
आणि आल्या वाटेनं मागे.

त्या दिवशी माझा हात चालेना.
आमचा विनार्नो मासेमारीच्या जहाजावर आहे,
तैवानच्या पलीकडे कुठेतरी, तिसरं वर्ष.
दर्यात कुणी असा एक मणी ओवला असता तर!

तू काय पुटपुटतोस मला माहीत नाही.
माझ्या ओठांवर दुसरं नाव असतं, किंवा
खरं सांगायचं तर पुष्कळदा नुसता आकडा,
त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी,
आणि मध्येच आकडाही जातो.
मग उरतं ते काय, बी की मी,
कुणी विचारू नये.
चहा गार होतो.

जाताना तो म्हणाला,
मधल्या बोटावर माळ, अंगठ्यानं मणी ओढायचा;
अंगठ्याशेजारचं बोट लावायचं नाही,
त्यात मीपणा असतो.
मी हसले. काय बोलणार?
किडकं बी डोळ्यांना दिसत नाही.
याच बोटाचं टोक फिरवून कळतं
मुखं पाच की चार, कुठे भेग, कुठे पोकळ.

तेव्हा जप, बाबा. किंवा बाई, तू जी कुणी असशील.
ते बोट दूरच ठेव.
तुझ्या प्रत्येक मण्यावरून
ते आधीच फिरून गेलंय,
नखात निळं घेऊन.