सगळ्यांना 'तू'

आमच्या घरात 'तुम्ही' नव्हतं.
खापरपणजोबा झिमरी हॉकेट न्यायाधीशाला 'तू' म्हणाला,
तेही टोपी न काढता,
आणि दंडापायी एक दुभती गाय गेली.
(त्याला मी इथे एकेरीच लिहिते आहे.
'अहो' त्याला शिवीसारखं लागलं असतं.)

कॅरोलायनाहून ते निघाले सहाव्या महिन्यात.
जूनला जून म्हणत नसत,
त्यात कुठल्याशा जुन्या देवीचं नाव लपलंय म्हणून.
शेजारच्या मळ्यावर माणसं विकत आणून राबवत,
त्या मक्याच्या पंक्तीला आपला मका नको,
म्हणून गाडी जुंपली.
गाडीत नांगराचा फाळ, बायको असेनाथ, तीन मुलं,
आणि सफरचंदाच्या डहाळ्या, बटाट्यांत खोचलेल्या,
ओल टिकावी म्हणून.
इंडियाना येईतो सात आठवडे.
पाच बटाटे मुलांनी वाटेतच खाल्ले.
डहाळ्या नऊ जगल्या.
एक झाड अजून आहे, आतून पोकळ,
सध्या घुबडाच्या मालकीचं.

शाळेवर छप्पर आधी चढलं, घरावर नंतर.
शाई अक्रोडाच्या टरफलांची. मुलं यायची
कापणी उरकल्यावर, बाहीत कुसळं घेऊन.
असेनाथने छडी कधी धरली नाही.
चुकलं की ती नुसती गप्प बसायची, बघत.
छडी परवडली असती, असं घरात सांगतात.

पहिल्या दिवशी सभा.
पाळक नाही, वाद्य नाही, बाकं आणि शेगडी.
ज्याच्या आत काही हललं त्याने उठायचं.
चुलतआजोबा लिंडली चाळीस वर्षांत एकदाच उठला,
म्हणाला, "ओट्स भिजतायत,"
आणि बसला.
वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून विचार केला
आणि सभा उठवली.

सतरा साली आजोबा बार्कली लढाईला गेला नाही.
रात्रीतून कुणी कोठाराची एक भिंत पिवळी केली,
भेकडांचा रंग म्हणून.
त्याने सकाळी ती पाहिली, गावात गेला,
तोच रंग विकत आणला,
उरलेल्या तीन भिंती स्वतः रंगवल्या.

इथवर सगळं मी वर्गात सांगत आले,
एकतीस वर्षं. मुलं हसायची.

टेसीचं सांगितलं नाही.
पणजीची बहीण, पश्चिमेला गेली शिकवायला,
मूळच्या लोकांच्या मुलांना, सरकारी वसतिशाळेत.
शेत विकताना तिची वही सापडली, बियाण्याच्या पेटीत.
'आज चौदा जणांचे केस कापले. नावं दिली.
एकाने मला आपलं नाव सांगितलं.
मला ते लिहिता आलं नाही.'
पुढे अकरा पानं कोरी.

आई म्हणायची, ती सभेतलीच शांतता.
मला नाही वाटत.
टेसीने त्या मुलांनाही 'तू'च म्हटलं असणार.
देवाला म्हणतात तो 'तू',
की घोड्याला म्हणतात तो,
हे वहीत कळत नाही.

गेल्या दहाव्या महिन्यात वही घेऊन ओक्लाहोमाला गेले.
त्यांच्या कचेरीत एक बाई होती, माझ्याच वयाची,
चष्मा दोरीला अडकवलेला.
तिने चौदा नावं बोटाने वाचली.
अल्फ्रेड. ग्रेस. वॉल्टर. पुन्हा एक ग्रेस.
"यात आमचं कुणीच नाही," म्हणाली,
"आणि सगळे आमचेच आहेत."

मी म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहून घेते."
शब्द तोंडातून निघाल्यावर कळलं,
हा मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला.

ती म्हणाली, "लिहू नको."
पेन पिशवीत ठेवलं.
मग ती बराच वेळ काही बोलली नाही.
बाहेर कुणीतरी ट्रक सुरू करत होतं, होत नव्हता.
मी बसून राहिले.
एवढं मात्र आम्हांला येतं.