दोन्ही भोकांत दिवा

टेस्टर लावला नि हसमुख दचकून मागे सरला.
या भोकात दिवा, मंद. त्या भोकातही, तेवढाच.
"काका, न्यूट्रल क्यां गयो?"
गेला नाही रे. मीच काढून घेतलाय.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं वाइंडिंग केलं.
वेटोळी मोजताना हाक आली तर ओ द्यायची नाही,
एवढीच माझी शिस्त.
हा मात्र घरी गुंडाळला, दांडिया बाजारात, माळ्यावर,
दोन तारा एकाच चिमटीत धरून,
एक जितकी वळेल तितकीच दुसरी.
मध्ये जोड, जोडाला अर्थिंग.
इकडे एकशे पंधरा, तिकडे एकशे पंधरा,
ही चढते तेव्हा ती उतरते.

एरवी भिंतीत काय असतं?
एकीवर सगळा दाब,
दुसरी जमिनीला टेकून बसलेली.
इथे दोघींना निम्मा.
दोघींची कुरकुर अर्थिंगमध्ये झिरपते,
एकीची सुलट, एकीची उलट.
बेरीज शून्य.
म्हणजे जवळजवळ. वेटोळं एखादं चुकलंच असेल.

शरयूच्या दिलरुब्याच्या जुन्या फिती आहेत.
हेडफोन लावून ती त्या कॉम्प्युटरवर उतरवते.
"मागे घूं आहे," म्हणायची, "गज थांबला की ऐकू येते."
मी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला.
डॉक्टर म्हणाले, वय झालं, कानातच असेल.
मीही तेच म्हटलं. दोन वर्षं.

मग वासी उत्तरायणाला
कुणाचा तरी पतंग मांजासकट खांबावर अडकला,
मी गच्चीवर होतो, ठिणगी पाहिली.
खाली आलो तर खोली बंद, पडदे ओढलेले,
हिला वीज गेल्याचा पत्ता नाही, इन्व्हर्टरने घर उचललेलं.
हेडफोन न काढता म्हणाली,
"अहो, आत्ता घूं घोगरी झाली."

कानाचा आजार
इन्व्हर्टर ओळखत नाही.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी
तांब्याची तार आणायला गेलो.

काल तिने पूर्ण फीत ऐकली.
म्हणाली, विलंबितात, समेच्या आधी,
मागे कोणीतरी डबा बंद करतंय.
कोण असेल, ते आठवत बसली.

"आणि स्विच?" हसमुख विचारतो.
दोन्ही तारा एकदम तोडणारा लाव.
एक तोडून भागत नाही,
दुसरी अजून चटका देईल.

तो खडू काढतो,
बोर्डावर गुजरातीत लिहितो, ठळक:
बेउ तार जीवता छे.