तीनशे प्रती

प्रकाशकाच्या जागी माझंच नाव,
खाली खोलीचा पत्ता, भोईवाडा, परळ.
सर्व हक्क माझ्या स्वाधीन, असं छापून घेतलंय.
खोली पागडीची. तिचे हक्क अजून कोर्टात.

प्रस्तावना मागितली होती एका समीक्षकांकडे.
आठ महिने ‘बघतो’ म्हणाले.
ते पान कोरंच ठेवलं,
पानाच्या आकड्यासकट.

चित्रं सगळी गच्चीवरच्या टाक्यांची.
काळ्या, निळ्या, एक सिमेंटची, पिंपळ फुटलेली.
मुर्तझाभाईंनी कागदाचा नमुना दिला: ‘कानाशी धरा.’
कोपरा हलवला तर पत्र्यासारखा वाजला.
पोस्टातली आरडी मोडल्याचा आवाज
साधारण तसाच असावा.

वडाळ्याच्या प्रेसमध्ये पहिल्या प्रूफात
निळा जांभळा पडला.
मशीनवर डाबरे, वसईचा.
शाईच्या चाव्या पिळत म्हणाला,
‘तुमचा निळा तुमच्या डोक्यात.
माझ्याकडे फक्त सायन आहे,
पुढचं स्टेशन तुम्ही बघा.’

रंग जुळेपर्यंत तेच ते खराब ताव
परत परत मशीनखाली जात राहिले.
टाकीवर टाकी,
तिच्यावर कुणाच्या लग्नपत्रिकेतला गणपती,
त्यावर खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा हिरवा.
बारा वर्षं मी एकेक टाकी सुटी काढत आलो,
भोवती भरपूर आकाश सोडून.
इथं सगळ्या एकमेकींच्या अंगावर राहत होत्या,
आमच्या चाळीत राहतात तशा.

‘रद्दीत टाकू?’
‘थांब.’

बाइंडिंगला गोताडबाई.
‘वेस्ट आतून चिकटवायचं?
लोक म्हणतील, चुकलंय.’
म्हणू देत म्हटलं.
कव्हराच्या आत, पुढे आणि मागे,
तीनशे प्रतींना तीनशे वेगळ्या चुका.
शेवटच्या चाळीसांना ताव पुरले नाहीत,
त्यांना साधा करडा कागद.
त्या मी ओळखीच्यांना देतो.

किंमत पेन्सिलने लिहितो.
खोडता येते.

पलंगाखाली आता दोनशे एकोणनव्वद आहेत.
झाडू आत जात नाही, आई रोज सांगते.

एक गोताडबाईंनी मागून घेतली होती.
चित्रं फारशी बघितली नाहीत,
उलटी धरून शिवण ताणून पाहिली,
पाठीवर बोट फिरवलं,
मग कोऱ्या पानाशी थांबल्या.
‘इथं काय यायचं होतं?’

अंगठ्याला खळ होती.
त्या प्रतीत ते पान
आता तेवढं कोरं नाही.