चौदा जण

दिवसभर मी दुसऱ्यांचे ट्रक बोटीत चढवतो.
हात असा: ये, ये, ये. हात असा: बास!
पोर्वेनीरच्या फेरीवर नऊ वर्षं झाली,
सामुद्रधुनीचं खारं पाणी
नारिंगी जाकिटाच्या शिवणीत मुरलंय.
रात्री घरी येऊन बूट काढतो
आणि पडद्यावर स्वतःचा ट्रक चालवतो.
हसा खुशाल.
ज्याच्या हातून सगळं जग पुढे जातं
त्यालाही कधीतरी जावंसं वाटतं.

चॅनेल काढलं जूनमध्ये.
तेव्हा पुंता अरेनासला दहाला उजाडतं
आणि साडेपाचला दिवस दुकान बंद करतो.
नाव ठेवलं ‘येर्कोचा ट्रक’.
बाल्तासारनं, माझ्या भाच्यानं, वय चौदा,
कपाळावर हात मारून घेतला.
मग दाखवलं, कोण कोण बसलंय पथारी मांडून:
हाच खेळ, हाच रस्ता, हजारो जण,
प्रत्येकाचा आ वासलेला, डोळे बशीएवढे,
पिवळी अक्षरं, लाल बाण.
बाण कशाकडे होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.
‘मामा, पहिल्या सात सेकंदांत ओरड,
नाहीतर लोक अंगठा सरकवतात.’
मी ओरडून पाहिलं.
शेजारच्या दोन्या नेल्दानं भिंत ठोकली.
ती माझी पहिली प्रतिक्रिया.

मग आपला हळूच बोलत राहिलो,
उतारावर गिअर कधी टाकावा,
लोकरीचा ट्रक वळणावर कसा उशिरा कलतो
आणि मेंढ्यांचा कसा आधीच.
अकरा जण बघायचे.
त्यातला एक मीच, फोनवरून,
स्वयंपाकघरात उभा राहून.

ऑक्टोबरात वारा सुटला.
इथे वारा सुटला म्हणजे
चौकात दोर बांधतात, माणसं धरून चालतात.
मी घाटात होतो, खेळातल्या,
आणि डोक्यावरचा पत्रा
आधी एका कोपऱ्यानं उठला,
मग कुणी खाकरून निघून जावं तसा गेला.
रेकॉर्डिंग चालू.
वर बघितलं तर तारे.
मी म्हणालो, ‘थांबा, आधी ट्रक कडेला घेतो.’
आणि घेतला. सिग्नल देऊन.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात.
एकसष्ट हजार.
बाल्तासारनं वर्गात भाव खाऊन घेतला.
खाली सगळ्यांचं एकच: पुन्हा कधी उडणार?
एकानं खिडकी सुचवली.
पत्र्यासाठी उसने घेतलेले डोक्यावर होते,
खोटं कशाला सांगू,
एका संध्याकाळी शिडीवर बसून खिळे मोजत होतो,
नेमके किती उपसले तर भागेल.
दोन्या नेल्दा खालून म्हणाली,
‘धरू का शिडी?’
तिला वाटलं, दुरुस्ती चाललीय.
इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा भिंतीशिवाय बोलली होती.
मी दुरुस्तीच केली.

आठवड्याभरात सगळे पांगले.
चौदा उरले.
‘हे काय वाढणं झालं?’ भाचा म्हणतो.
मी त्याला गणित घातलं:
अकरातला मी आता बघत नाही,
म्हणजे होते दहा.
त्यानं बोटं मोजली, आणि खांदे उडवले.

परवा सकाळी बोटीच्या तोंडाशी
एक निळा ट्रक, लोकरीचे गठ्ठे.
ये, ये, ये. बास!
काच खाली झाली. पन्नाशीची बाई,
गालात पावाचा तुकडा.
मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली,
‘आवाज ओळखला.
मंगळवारी, तिसऱ्या वळणावर,
ब्रेक उशिरा दाबलास.’
मागे भोंगे वाजायला लागले होते.
मी म्हटलं, रस्ता ओला होता.
‘म्हणूनच सांगतेय,’ ती म्हणाली,
आणि काच वर गेली.